गुगल ट्रेंड्स: चप्पल लाईनीत बसून काही महिने वापरल्यावर

आमचं दुकान कोल्हापूरच्या चप्पल लाईनीत, म्हणजे चपलांच्या बाजारात; ऑनलाइन ऑर्डरींचं काम माझ्याकडे. कुठला माल कधी भरायचा याचा अंदाज यावा म्हणून गेले काही महिने गुगल ट्रेंड्स बघतोय; गुगलवर कुठला शब्द कधी किती शोधला गेला याचा आलेख ते दाखवतं. फुकट आहे, मोबाईलवरही चालतं. हंगाम कधी चढतो ते कळायला झकास. किती जोड खपतील ते मात्र विचारू नका.

तिथला १०० म्हणजे शंभर माणसं नव्हेत. निवडलेल्या काळात एकूण शोधांमधला त्या शब्दाचा वाटा जेव्हा सर्वांत जास्त, तो क्षण १००. बाकी सगळं त्याच्या प्रमाणात. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, त्यावरून गदारोळ झाला आणि आलेखात सुळका उभा राहिला. त्या सुळक्यापुढे आधीच्या लग्नसराया तळाला चिकटतात. त्या बघायच्या तर काळ मे २०२५ला तोडायचा, मग चढउतार दिसतात.

शिवाय तेव्हा शोधणारे सगळे गिऱ्हाईक थोडेच होते? खालचे 'संबंधित शोध' उघडले की वाद वाचायला आलेली मंडळी दिसतात. काकांना आलेख दाखवला तर म्हणाले, "गर्दी जमली म्हंजे धंदा झाला व्हय रं?"

शब्द निवडताना जपून. नुसतं 'कोल्हापुरी' टाकलं तर चिकन, साज, चप्पल सगळं एका पातेल्यात. देवनागरी आणि रोमन लिपीतले शोध वेगळे धरले जातात; सुचवलेल्या यादीत 'विषय' मिळाला तर तोच घ्या, त्यात वेगवेगळ्या भाषांतले शोध एकत्र येतात. शहरांच्या यादीत कोल्हापूर मुंबईच्या वर दिसलं तरी हुरळू नका, तीही वाट्याचीच गोष्ट. आणि शून्य म्हणजे कुणीच शोधलं नाही असं नव्हे, मोजण्याइतके शोध नव्हते एवढंच.

खरी गंमत गावातल्या गावात. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३. पाणी चढायला लागलं की राजाराम बंधाऱ्याचा फुटाफुटाचा हिशेब व्हॉट्सअ‍ॅपवर आपोआप येऊन पडतो. सगळं गाव त्यावरच बोलत असतं, पण शोधायला जाणार कोण? कापशी या कोल्हापुरी चपलेच्या प्रकाराचंही तेच. इथला माणूस थेट लाईनीत येतो, पायात घालून चार पावलं टाकतो, करकर ऐकतो आणि मग भावाला बसतो. आलेखात तो कुठेच नाही.

खुद्द गुगलने २००८ मध्ये शोधांवरून फ्लूचा अंदाज बांधणारी सेवा काढली होती. २०१२-१३च्या हंगामात तिचे अंदाज अमेरिकेतल्या डॉक्टरांकडच्या नोंदींच्या दुपटीवर गेले आणि २०१५ला ती बंद झाली.

पाचपैकी साडेतीन तारे. आकडे नमुन्यावरून काढलेले असतात, त्यामुळे तीच चौकशी उद्या केली तर थोडे हलतात, कमी शोधल्या जाणाऱ्या शब्दांचे जास्तच. फाईल उतरवून घेताना नावात तारीख टाका, नाहीतर पुढच्या आठवड्यात दोन फाईली घेऊन डोकं खाजवत बसाल.