‘ब्लॉक होणार नाही’ या हमीपोटी गेलेले २,६६,३२६ रुपये

वेबसाइटवरून रोजचे भाव गोळा करून देणाऱ्या एका कंपनीला आम्ही एकूण २,६६,३२६ रुपये दिले आणि त्या बदल्यात आमच्या पदरात शिळे आकडे पडले. प्रकरण अजून तक्रारीच्या टप्प्यावर असल्यामुळे कंपनीचे नाव लिहीत नाही, पण पद्धत सविस्तर लिहितो, कारण याच पद्धतीने खान्देशातील आणखी कारखानदारांकडे माणसे फिरत आहेत.

जळगावच्या एमआयडीसीत आमचा प्लास्टिकच्या चटयांचा कारखाना आहे. पूर्वी माल धुळे, अमळनेर, भुसावळच्या व्यापाऱ्यांमार्फत जात असे. आता मोठा भाग ऑनलाइन विकला जातो आणि तिथे समोरच्याने भाव दहा रुपयांनी उतरवला तरी आपली मागणी त्याच दिवशी थांबते. म्हणून विक्रीच्या साइटवरील समोरच्यांच्या सुमारे १,२०० उत्पादनांचे भाव रोज सकाळी हातात हवे होते. संगणक अभियांत्रिकी शिकणाऱ्या माझ्या पुतण्याने स्वतः प्रोग्राम लिहून पाहिला. सुरुवातीला तो चालला, मग साइटकडून ४२९ आणि ४०३ हे नकाराचे कोड येऊ लागले आणि शेवटी कारखान्याच्या इंटरनेट जोडणीवरून ते पान उघडेनासे झाले. त्यामुळे ब्लॉकिंग हाताळणारी सेवा घेणे हा आमचा हौसेचा खर्च नव्हता, ती धंद्याची गरज होती.

कंपनीच्या प्रतिनिधीने सांगितलेले सगळे ऐकायला बरोबरच होते. डेटा सेंटरचे आयपी पत्ते (इंटरनेट जोडणीचे ओळखक्रमांक) साइट लगेच ओळखतात, म्हणून आम्ही घरगुती जोडण्यांचे आयपी फिरवतो. कॅप्चा, म्हणजे समोर माणूस आहे की यंत्र हे तपासणारे कोडे, आम्ही सोडवतो. ब्राउझरची ओळख खऱ्या माणसासारखी ठेवतो. आणि पैसे फक्त यशस्वी विनंत्यांचेच, म्हणजे साइटकडे मागितलेले पान मिळाले तरच, घेतो. यातली प्रत्येक गोष्ट तंत्र म्हणून खरी आहे, त्यामुळे शंका घ्यायला जागा नव्हती. महिन्याचा दर १८,५०० रुपये होता. वर्षाचे पैसे एकदम दिल्यास १५ टक्के सूट, म्हणजे १,८८,७०० रुपये आणि त्यावर ३३,९६६ रुपये जीएसटी, असे २,२२,६६६ रुपये भरले. जोडणीचे म्हणून २९,५०० रुपये वेगळे. वर्षाचे पैसे आगाऊ देऊ नका, सूट कितीही असो. या धंद्यात साइट आपले संरक्षण आज बदलते आणि उद्या कालची युक्ती निकामी होते, त्यामुळे बारा महिन्यांची हमी प्रामाणिक माणूस देऊच शकत नाही.

आता ज्या जागी सगळे कळायला हवे होते, ती जागा सांगतो, कारण ती आठवली की अजून रात्रीची झोप उडते. पैसे भरण्यापूर्वी आम्ही चाचणी मागितली होती. त्यांनी पन्नास लिंकची यादी आधी मागून घेतली आणि निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी पाठवला. यंत्राला पन्नास पाने आणायला रात्र कशाला लागते, हा प्रश्न मनात आला होता. त्या तक्त्यात एका चटईचा भाव ५४९ लिहिला होता आणि साइटवर तो ५९४ होता. आकड्यांची अशी अदलाबदल यंत्र करत नाही, टंकणारा माणूस करतो. शिवाय काही ओळींत ‘फूट’ आणि काहींत ‘फुट’ असे लिहिले होते, आणि साइटवर तर ते माप इंग्रजीत होते. पुतण्याने हे दोन्ही दाखवले. मी प्रतिनिधीला विचारले, तेव्हा त्याने शांतपणे उत्तर दिले, “सर, पिनकोडप्रमाणे आणि वेळेप्रमाणे भाव बदलतो, त्या क्षणी साइटने तोच दाखवला असेल.” भाव पिनकोडप्रमाणे बदलतात हे खरेच आहे, त्याच्या उत्तरातला हा खरा भाग पुढे करून त्याने आम्हाला गप्प केले. त्यांचे यंत्र त्या साइटवर एकही पान उघडू शकत नव्हते आणि पन्नास भाव कोणीतरी हाताने भरले होते, हे पुढे उघड झाले. चाचणीची यादी आधी देऊ नका. ते समोर किंवा फोनवर असताना लिंक द्या आणि तिथल्या तिथे निकाल मागा.

दिवाळीच्या सेलमध्ये आमच्या तक्त्यात समोरच्या कंपनीची ६ बाय ९ ची चटई सातत्याने ६४९ रुपयांना दिसत होती, म्हणून आम्ही ६२९ वर थांबलो. धुळ्याचे आमचे जुने व्यापारी आबा यांनी फोन करून विचारले, “भाऊ, तिकडे ४९९ ला मिळते आहे, तुम्ही कसली वाट पाहता?” तोवर हंगामाचा माल गोदामात अडकला होता. पुतण्याने कंपनीकडे तक्त्याऐवजी मूळ पाने मागितली आणि बऱ्याच तगाद्यानंतर ती मिळाली. बहुतेक पानांचा आकार एकसारखा आणि अगदी लहान होता. उघडून पाहिले तर प्रत्येकावर ‘तुम्ही माणूस आहात याची खात्री करा’ एवढेच. साइट अडवताना दर वेळी ४०३ देते असे नाही. पुष्कळदा ती २०० हा यशाचाच कोड देऊन अडवणारे पान पाठवते. कंपनी २०० आला की विनंती ‘यशस्वी’ धरून पैसे लावत होती आणि भावाच्या रकान्यात मागचा जुना भाव उतरवत होती. यश म्हणजे काय, हे करारात लिहून घ्या: उत्पादनाचे नाव आणि भाव पानावर असेल तरच यश.

क्रेडिटचा, म्हणजे पाने आणण्याचा हिशोब कंपनी ज्या एककात ठेवत होती त्याचा, प्रकारही याच जातीचा. साध्या पानाला १, ब्राउझर चालवून आणलेल्या पानाला १० आणि घरगुती आयपीवरून आणलेल्या पानाला २५ क्रेडिट, ही अट कोटेशनमध्ये नव्हती, दुसऱ्याच एका पानावर होती. १,२०० पानांचे दिवसाला ३०,००० क्रेडिट झाले आणि महिन्याचे ५ लाख क्रेडिट अर्ध्यावरच संपले. वाढीव क्रेडिटचे १४,१६० रुपये दिले, म्हणजे अडवलेली पाने विकत घेण्यासाठी. घरगुती आयपी येतात कुठून, हेही विचारा. मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने ‘९११ एस५’ नावाचे जाळे मोडले, त्यात लोकांच्या नकळत त्यांच्या संगणकांतून घेतलेले १.९ कोटींहून अधिक आयपी पत्ते होते.

यानंतर जे झाले त्याचा संताप मूळ फसवणुकीपेक्षा जास्त आहे. पोलीस ठाण्यात पहिले उत्तर मिळाले की हा कराराचा वाद आहे, दिवाणी न्यायालयात जा. सायबर शाखेत विचारले गेले की ओटीपी कोणाला दिला होता का. नाही म्हटल्यावर त्यांचा रस संपला. मूळ पाने आणि तक्ते छापून नेले होते, ते कोणी उघडूनही पाहिले नाहीत. एका अधिकाऱ्यांनी तर मलाच सुनावले की तुम्ही दुसऱ्यांच्या साइटवरून माहिती उचलत होतात, आता तक्रार कशाची करता? आम्ही लॉगिन न करता कोणालाही दिसणारे भाव पाहत होतो. त्याबद्दल कायद्याचा प्रश्न असेल तर तो जरूर तपासावा, पण त्याने समोरच्याची लबाडी धुऊन निघते काय? खोटे तक्ते दाखवून पैसे घेणे ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मधील फसवणूक नाही तर काय आहे? बँकेने सांगितले की पैसे तुम्हीच एनईएफटीने पाठवले, आम्ही काही करू शकत नाही. ग्राहक आयोगाचे दार आमच्यासाठी बंद, कारण २०१९ च्या कायद्यात व्यावसायिक हेतूने घेतलेली सेवा वगळलेली आहे आणि स्वयंरोजगाराची सवलत कामगार ठेवणाऱ्या कारखान्याला मिळत नाही, असे वकिलांनी सांगितले. कर भरणारा, माणसे पोसणारा छोटा कारखानदार फसला तर त्याने जायचे कुठे, याचे उत्तर एकाही टेबलावर मिळाले नाही.

भरीस भर म्हणजे बिलावरचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर तपासला तेव्हा नोंदणी रद्द झालेली निघाली. आमच्या जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट दाखवणाऱ्या पोर्टलवरील पत्रकात, ती बिले कधी आलीच नाहीत, त्यामुळे ४०,६२६ रुपये कराची वजावटही गेली. हा तपास मोबाइलवर एका मिनिटात होतो आणि पैसे देण्याआधी करायचा असतो.

आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज पोस्टाने पाठवला आहे. तिथेही दखल घेतली गेली नाही तर कलम १७५(३) खाली प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाणार आहे. पैसे नुकतेच गेले असतील तर ठाण्याची वाट न पाहता आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा, कारण रक्कम बँकेतून काढून घेतली जाण्याआधीच ती रोखता येते. आणि ज्यांनी अशीच पन्नास लिंकची चाचणी घेऊन पैसे भरले आहेत, त्यांनी चाचणीचा तक्ता, मूळ पाने आणि बिलांच्या फाइली आजच स्वतःकडे उतरवून ठेवाव्यात. आम्ही पोलिसांत गेल्याचे कळताच कंपनीने आमचे लॉगिन बंद केले.