थंडरबर्ड : चावी कोणाची, ते आधी बघा

फोंड्यात मी पोर्तुगीज काळातल्या जमिनीच्या दस्तऐवजांची भाषांतरं करते. गेल्या महिन्यात म्हापशाच्या एका वकिलांच्या नावाने नवी पब्लिक की (त्यांना पाठवायची ईमेल कुलूपबंद करणारी डिजिटल चावी) आली. नाव, ईमेल बरोबर. पण चावीवर कुणीही कुणाचंही नाव घालू शकतं! थंडरबर्ड या ईमेल प्रोग्राममध्ये 2020 च्या 78व्या आवृत्तीपासून ओपनपीजीपी, म्हणजे अशा चाव्यांनी ईमेल कूटबद्ध करण्याची सोय, आतच आहे. त्यात 'स्वीकारली, पण पडताळली नाही' आणि 'स्वतः पडताळली' हे पर्याय वेगळे आहेत. हा फरक मला फार मोलाचा वाटतो. 'ही चावी त्यांचीच' अशी तिसऱ्याची ग्वाही तिथे चालत नाही, तेच योग्य. वकिलांना माझ्याकडच्या जुन्या नंबरावर फोन लावला, चावीच्या फिंगरप्रिंटची, म्हणजे तिच्या ओळखखुणेची, 40 अक्षरं चार-चार करून दोघांनी वाचली. सगळी जुळली. मगच दुसरा पर्याय निवडला आणि विक्रीखताचं भाषांतर पाठवलं.