सात महिने सँडर वापरून: सगळा राग वेल्क्रोवर

सँडर, म्हणजे फिरत्या पॅडला घासायचा कागद चिकटवून चालवायचं मशीन, ठणठणीत आहे. गेला तो पॅडचा वेल्क्रो, आणि तोही सात महिन्यांत दुसऱ्यांदा. चालू मशीनवरून १२० नंबरचा कागद सुटून भिंतीवर आपटला आणि मी कळायच्या आत उघड्या पॅडने पॅनेलवर काळा फराटा ओढला.

१२५ मिमीचा हा सँडर मी एकाच कामासाठी घेतला. पुण्याच्या जुन्या बाजारात ॲल्युमिनियमचे ३ मिमीचे तुकडे वजनावर मिळतात, चरे मात्र फुकटात. ते घासून घरच्या ॲम्प्लिफायरची पुढची पॅनेलं करायची.

पॅड वॉरंटीत बसत नाही म्हणे, झिजणारा भाग. नव्याचे ४५० रुपये! सर्व्हिस सेंटरला दोनदा भांडून आलो. पहिला परिच्छेद त्याच रागात लिहिलाय, राहू दे. तिसऱ्या खेपेला तिथल्या मेकॅनिकने पॅड उलटा करून वितळलेले हुक दाखवले. "काका, दाबून घासता ना?" दाबतो की. कागद बोथट झाला तरी फेकवत नाही, मग जोर लावतो. जोराने पॅड तापतो आणि वेल्क्रोचे हुक वितळतात. दहा-बारा रुपयांचा कागद वाचवायला साडेचारशेचा पॅड, तोही दोनदा. हे घरात अजून सांगितलेलं नाही.

तरी एक तक्रार कायम. सँडरने चरे जातात, पण उजेडात धरलं की बारीक गोल भोवरे दिसतात. सरळ रेघांचं फिनिश हातानेच येतं. लाकडी गुटक्याला २४० चा वॉटर पेपर, रॉकेलचे चार थेंब (नाहीतर ॲल्युमिनियम कागदात भरतं), पट्टीला टेकवून एकाच दिशेने घासायचं. पॅनेलच्या दोन्ही टोकांना तेवढ्याच जाडीचे तुकडे लावा, म्हणजे हात पॅनेलच्या बाहेर सुरू होतो आणि बाहेरच थांबतो. मध्ये थांबलात तर ती जागा कायम दिसते. भोकं आधी पाडा, बर (भोकाच्या कडेला उभे राहिलेले धारदार काठ) कानसीने काढा, मगच घासा. आणि सर्किट दुसऱ्या खोलीत ठेवा, ॲल्युमिनियमच्या भुकटीतून वीज वाहते.

वर क्लिअर लॅकर मारलं की अर्थिंगच्या बोल्टखाली ते खरवडायला विसरू नका, लॅकरमधून वीज जात नाही. मी विसरलो होतो, मीटर लावल्यावर कळलं.

सँडर विकणार नाही. खोल चऱ्यांना तोच हवा. परवाच्या पॅनेलला लॅकरआधी हात लागला आणि व्हॉल्यूमच्या भोकाशेजारी माझा अंगठा छापला गेला. तो झाकायला मोठा नॉब आणला. त्याचे साठ रुपये वेगळे.