क्रेडिट कार्डाचं बिल: ऑटोपे लावायचा, हाताने भरायचं, की दोन्ही चालू ठेवायचं?

एक गट म्हणतो ऑटोपे लाव आणि विसरून जा. दुसरा म्हणतो बँकेला खात्यात हात घालू देऊच नकोस, बिल आलं की आपलं आपण भरायचं. दोघांचंही निम्मं बरोबर आहे, पण बहुतेक लोक प्रत्यक्षात करतात ते तिसरंच, म्हणजे ऑटोपे लावून ठेवलेला असतो आणि पगार झाला की मध्येच हाताने पण काहीतरी भरून टाकतात, आणि खरी गडबड तिथेच होते. त्यामुळे ते जरा सविस्तर लिहितो, बाकीचं पटापट.

आधी एक घोळ मिटवू. ओटीटीचं सबस्क्रिप्शन, मोबाईलचं बिल वगैरे आपण कार्डावर लावतो, त्यालाही ऑटोपेच म्हणतात, पण तिथे पैसे कार्डातून जातात. इथे आपण बोलतोय ते कार्डाचं बिल बचत खात्यातून आपोआप भरलं जाण्याबद्दल. ॲपमध्ये दोन्हींचे मेनू वेगवेगळे असतात आणि एक लावून दुसरं लावलं असं समजणारे बरेच आहेत.

बिलाचा ऑटोपे लावायचे साधारण तीन रस्ते. कार्ड आणि बचत खातं एकाच बँकेत असेल तर सगळ्यात सोपं, नेटबँकिंगमध्ये जाऊन खातं निवडा, किती कापायचं ते निवडा, झालं. खातं दुसऱ्या बँकेत असेल तर नॅच (एका बँकेने दुसऱ्या बँकेतल्या खात्यातून पैसे कापून घ्यायची यंत्रणा) मँडेट लागतं, म्हणजे डेबिट कार्ड, नेटबँकिंग किंवा आधारने एकदा परवानगी द्यायची, आणि ते रजिस्टर व्हायला काही दिवस जातात, त्यामुळे आज मँडेट दिलं आणि परवा ड्यू डेट (बिल भरायची शेवटची तारीख) असेल तर ते बिल हातानेच भरा. तिसरा रस्ता यूपीआय ऑटोपे. डिसेंबर 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने क्रेडिट कार्ड बिलासाठी दर वेळी पिन न टाकता कापायची मर्यादा 15 हजारांवरून 1 लाख केली, तेव्हापासून हा रस्ता कामाचा झाला. त्यात पैसे कापायच्या किमान 24 तास आधी मेसेज येतो, त्यामुळे खात्यात पैसे कमी असतील तर टाकायला तेवढा वेळ मिळतो.

रस्ता कुठलाही घ्या, एक प्रश्न ॲप विचारतंच: टोटल अमाउंट ड्यू की मिनिमम अमाउंट ड्यू, म्हणजे पूर्ण बिल की फक्त कमीत कमी भरावीच लागते ती रक्कम? बहुतेक नुकसान इथे चुकीची टिक केल्यामुळे होतं. समजा बिल 40,000 चं आहे आणि मिनिमम 5 टक्के, म्हणजे 2,000. ऑटोपेने 2,000 कापले, 'पेमेंट मिळाले, धन्यवाद' असा मेसेज आला, तुम्ही खुश. आता उरलेल्या 38,000 वर महिन्याला साडेतीन टक्के धरले तरी 1,330 रुपये व्याज, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे जवळपास 1,570 रुपये एका महिन्याचे. आणि हा कमीत कमी हिशोब झाला, कारण व्याज ड्यू डेटपासून नाही, ज्या दिवशी खरेदी केली त्या दिवसापासून लागतं, आणि जुनी बाकी राहिली की नव्या खरेदीवर मिळणारी बिनव्याजी मुदतही जाते. म्हणजे कालचा किराणासुद्धा आजपासून व्याजावर. वर्षाला हे बेचाळीस-पंचेचाळीस टक्क्यांपर्यंत जातं. 2008 मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 30 टक्क्यांच्या वर व्याज लावणं म्हणजे अनुचित व्यापारी प्रथा असं म्हटलं होतं, पण सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 2024 मध्ये तो निकाल रद्द केला, तेव्हा ती आशा पण सोडा.

तर नोकरदार माणसाने ऑटोपे लावायचाच तर टोटलवर लावावा. मिनिममवर लावण्यात अर्थ आहे तो फक्त एका प्रकारच्या लोकांना, त्यांच्याबद्दल खाली येतोच.

आता हाताने भरण्याची बाजू. त्याचा मोठा फायदा असा की पैसे तुमच्या मर्जीने जातात. खात्यातून होम लोनचा हप्ता, एसआयपी, सोसायटी मेंटेनन्स, मुलांची फी सगळं एकाच आठवड्यात जात असेल तर कुठलं आधी, कुठलं नंतर हे तुम्ही ठरवता. दुसरा फायदा असा की भरायच्या निमित्ताने स्टेटमेंट उघडून बघितलं जातं. हा फायदा लोक धरत नाहीत पण माझ्या मते तोच मोठा आहे. न केलेला व्यवहार दिसला, आणि बँकेच्या किंवा तुमच्या चुकीने नाही तर मधल्याच कुठल्या तरी गोष्टीने झाला असेल, तर बँकेकडून कळल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार केल्यास तुमची जबाबदारी शून्य धरायची असा रिझर्व्ह बँकेचा 2017 पासूनचा नियम आहे, चार ते सात दिवसांत केली तर मर्यादित. ऑटोपेवाला माणूस एसएमएस वाचत नाही, स्टेटमेंट उघडत नाही, दोन महिन्यांनी त्याला कळतं की कुठल्या तरी ॲपचे दर महिन्याला 499 जातायत.

तोटा एकच, विसरणं. गणपतीत गावी गेलात, घरात कोणी हॉस्पिटलमध्ये आहे, ड्यू डेट रविवारी आली, असं काहीही. थोडा दिलासा असा की 2022 च्या रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार ड्यू डेट उलटून तीन दिवसांपेक्षा जास्त झाले तरच लेट फी लावता येते आणि क्रेडिट ब्युरोला थकबाकी म्हणून कळवता येतं. पण एकदा ते तीन दिवस ओलांडले की मोजणी मूळ ड्यू डेटपासूनच होते, म्हणजे ही वाढीव मुदत नाही, ती धरून प्लॅनिंग करू नका. लेट फी बिलाच्या रकमेप्रमाणे काहीशेपासून हजार-तेराशेपर्यंत जाते, पण सिबिलवरचा, म्हणजे क्रेडिट ब्युरोतल्या नोंदीवरचा, डाग त्यापेक्षा महाग, लोन घ्यायच्या वेळी कळतं.

हाताने भरायचं कुठून यावर एक ओळ: त्याच बँकेच्या ॲपमधून भरलं तर सहसा लगेच दिसतं, दुसऱ्या बँकेतून नेफ्ट करू शकता (डिसेंबर 2019 पासून नेफ्ट चोवीस तास चालू असतं), आणि फोनवरच्या पेमेंट ॲपमधून भरलं तर ते भारत कनेक्ट म्हणजे पूर्वीच्या बीबीपीएस या बिल भरायच्या यंत्रणेमधून जातं. यातल्या कुठल्याही मार्गाने शेवटच्या रात्री अकरा वाजता भरू नका, एवढंच.

आता मुख्य मुद्दा, दोन्ही एकत्र.

समजा तुमचं बिल 38,400 चं आहे, ड्यू डेट 18 तारीख, ऑटोपे दुसऱ्या बँकेच्या खात्यावर नॅचने, टोटलवर. 16 ला संध्याकाळी तुम्हाला वाटलं की जरा भार हलका करू, म्हणून फोनवरून 20,000 भरले. तुमचा अंदाज असा की आता 18 ला 18,400 च कापले जातील. पण नॅचची मागणी ड्यू डेटच्या सकाळी तयार होत नाही, कार्डवाली बँक ती एक-दोन दिवस आधीच काढून पाठवते, आणि तुमचे 20,000 पोचायच्या आधी ती निघून गेलेली असू शकते. मग 18 ला पूर्ण 38,400 कापले जातात. कार्डावर आता 20,000 जास्तीचे जमा, ॲपमध्ये रकमेपुढे 'सीआर' (क्रेडिट, म्हणजे जमा) दिसतं. पैसे बुडाले नाहीत, पुढच्या खरेदीत वळते होतील किंवा कस्टमर केअरला सांगून खात्यात परत मागवता येतील, पण तोपर्यंत बचत खातं रिकामं, आणि 20 तारखेला होम लोनचा हप्ता आला तर तो बाउन्स. म्हणजे कार्डाचं बिल दीडपट भरलं आणि तरी बाउन्सचा दंड तुम्हालाच.

आणि उलटंही होतं. 20,000 भरल्यामुळे खात्यात 30,000 च उरलेत, वरून मागणी आली 38,400 ची, तर ऑटोपेच परत जातो. मग कार्डाच्या बाजूने रिटर्न चार्ज (बहुतेक कार्डांवर रकमेच्या 2 टक्के, किमान साडेचारशे-पाचशे), बचत खात्याच्या बाजूने नॅच रिटर्नचा वेगळा दंड, दोन्हींवर जीएसटी. पैसे होते, नियत होती, पेमेंट पण केलं होतं, तरी दोन्हीकडून मार.

एकाच बँकेतलं कार्ड आणि खातं असेल तर हा धोका बराच कमी, कारण तिथे मागणी कुठे पाठवायची नसते. तरीही तुमची बँक आधी भरलेली रक्कम वजा करून कापते की स्टेटमेंटवर छापलेली पूर्ण रक्कम कापते, हे बँकेगणिक वेगळं आहे. कार्डाबरोबर येणारं महत्त्वाच्या अटींचं पत्रक वाचा, त्यात लिहिलेलं नसेल तर कस्टमर केअरला थेट विचारा: 'ड्यू डेटच्या किती दिवस आधीपर्यंत मी हाताने भरलं तर ऑटोपेतून तेवढं कमी होईल?' हाच प्रश्न, याच शब्दांत. 'ऑटोपे कसा चालतो' असं विचारलंत तर पाठ केलेलं उत्तर मिळेल. जमलं तर ईमेलवर विचारा, म्हणजे लेखी राहतं.

तोपर्यंतचा माझा नियम साधा आहे: हाताने भरायचं तर स्टेटमेंट आल्यावर पहिल्या आठवड्यात भरा, आणि ड्यू डेटच्या आधीच्या तीन-चार दिवसांत कार्डाला हातच लावू नका, ऑटोपेला त्याचं काम करू द्या. स्टेटमेंट आणि ड्यू डेटमध्ये साधारण 18 ते 20 दिवस मिळतात, त्यातले सुरुवातीचे दहा तुमचे, शेवटचे ऑटोपेचे.

यात अजून एक फाटा आहे तो रिफंडचा. 6,000 ची वस्तू परत केली, रिफंड ड्यू डेटच्या आधी कार्डावर आला. नियमाप्रमाणे, ज्या बिलाचे पैसे अजून भरलेले नाहीत त्यात असा रिफंड लगेच वळता व्हायला हवा. पण ऑटोपेची मागणी आधीच निघाली असेल तर वरच्यासारखंच होणार, पूर्ण रक्कम कापली जाणार आणि 6,000 'सीआर'मध्ये. दिवाळीच्या सेलनंतर हे हमखास होतं. घाबरून फोनाफोनी करू नका, पुढच्या स्टेटमेंटमध्ये ते वजा झालेत का तेवढं बघा.

मग कोणी काय घ्यायचं?

ठरावीक तारखेला पगार येतो, खात्यात बिलाएवढे पैसे कायम असतात, तर टोटलवर ऑटोपे, आणि स्टेटमेंट आलं की पाच मिनिटं वाचायचं. हाताने भरायची सवयच सोडा, त्याने काही वाचत नाही. पगार 1 ला आणि ड्यू डेट 27 ला असं विचित्र जमलं असेल तर बिलिंग सायकल, म्हणजे स्टेटमेंट निघायची तारीख, बदलून घ्या. ते किमान एकदा बदलायची सोय द्यावीच लागते, मार्च 2024 च्या सुधारणेनंतर बँक नाही म्हणू शकत नाही. ड्यू डेट पगारानंतर पाच-सात दिवसांनी आली की निम्म्या कटकटी आपोआप जातात.

धंदा आहे, दुकान आहे, फ्रीलान्सिंग आहे, पैसे कधी येतील सांगता येत नाही, अशांना मिनिममवर ऑटोपे आणि बाकी हाताने हे कॉम्बिनेशन मला पटतं. सांगलीचे आमचे एक दाजी हार्डवेअरच्या दुकानात हेच करतात, गिऱ्हाइकाची उधारी वसूल झाली की कार्डात टाकायची, महिन्यात दोन-तीन वेळा, आणि मिनिमम फक्त जाळी म्हणून लावलेलं. विसरले तरी लेट फी नाही, सिबिलला धक्का नाही. पण जाळी पडण्यापासून वाचवते, व्याजापासून नाही, आणि मिनिमम कापलं गेलं की मेसेज असा गोड येतो की सगळं बिल फिटलं असंच वाटतं. त्यामुळे दाजींनी फोनवर ड्यू डेटच्या सहा दिवस आधीचा अलार्म लावलाय, त्या दिवशी उरलेलं सगळं भरायचं, नसतील तर कुठून तरी फिरवायचं. अलार्म लावायचा कंटाळा असेल तर हा मार्ग तुमचा नाही.

ज्यांचं कार्डाचं लिमिटच कमी आहे, 50,000 वगैरे, आणि लिमिट महिन्याच्या मध्येच संपतं, त्यांनी स्टेटमेंट यायच्या आधीच अधूनमधून हाताने भरावं. लिमिट मोकळं होतं आणि स्टेटमेंटवर बाकी कमी दिसते. स्टेटमेंटच्या आधीचे पैसे स्टेटमेंटमध्येच वजा होऊन येतात, त्यामुळे ऑटोपेशी त्याची टक्कर होत नाही. टक्कर होते ती स्टेटमेंट निघाल्यावर भरलेल्या पैशांची.

आणि ज्यांच्याकडे चार-पाच कार्डं आहेत त्यांनी सगळ्यांचे ऑटोपे एकाच खात्यावर लावू नका, किंवा लावायचे तर सगळ्या ड्यू डेट लिहून त्या आठवड्यात खात्यात किती लागणार हे आधी जोडून बघा, चार मागण्या एकाच सकाळी आल्या की पहिल्या दोन जातात आणि पुढच्या परत.

शेवटी, ऑटोपे एकदा लावला म्हणजे कायमचा लागला असं नाही. नोकरी बदलली, जुनं सॅलरी अकाउंट बंद केलं, तर त्यावरचं मँडेट पण गेलं. कार्ड अपग्रेड होऊन नवा नंबर आला, तर विशेषतः यूपीआय किंवा ॲपमधून लावलेला ऑटोपे जुन्याच नंबरला बांधलेला राहू शकतो. अशा वेळी आधी नव्या खात्यावर मँडेट लावा, ते ॲक्टिव्ह दिसेपर्यंतची बिलं हाताने भरा, आणि नव्या खात्यातून पहिल्यांदा पैसे कापले गेलेले डोळ्यांनी बघितल्यावरच जुनं खातं बंद करायचा फॉर्म भरा.