धरमपेठेतलं उजेड-सावलीचं शिबिर: नातीला सोडायला गेलो अन् बसून राहिलो

नागपूरच्या सीताबर्डीत मी ३१ वर्षं फोटो स्टुडिओ चालवला. त्यामुळे एक निवृत्त सर मे महिन्यात आपल्या घरी मुलांना उजेड आणि सावली शिकवतात हे कळलं, तेव्हा मनात म्हटलं, हे आता मला काय नवीन सांगणार? नातीला सोडायला गेलो आणि चारही दिवस मागच्या बाकावर बसून राहिलो. फी ८०० रुपये, मुलं दहा-बारा.

पहिला दिवस सगळ्यात भारी. आपल्याकडे मेमध्ये नऊ वाजताच खिडक्या लावून कूलर सुरू होतात. सरांनीही खिडक्या लावल्या, फक्त एकीला काळा कागद चिकटवून मुगाएवढं भोक पाडलं. समोरच्या भिंतीवर अख्खा रस्ता उलटा! भाजीचा ठेला डोक्यावर उभा, आणि बाहेर पूर्वेकडे जाणारी स्कूटी भिंतीवर पश्चिमेकडे पळतेय. नात म्हणाली, "सर, भोक मोठं करा ना, अजून छान दिसेल." सरांनी उत्तर दिलं नाही, शेजारी दुसरं भोक पाडलं. दोन ठेले झाले. मग तिसरं, चौथं, दहावं. ठेले एकमेकांवर चढले आणि शेवटी भिंतीवर नुसता उजेड उरला. मोठं भोक म्हणजे अशी पुष्कळ भोकं एकाला एक लागून. बाप्पा! आयुष्यभर अ‍ॅपर्चर (कॅमेऱ्यात उजेड आत सोडणारं, लहान-मोठं करता येणारं भोक) फिरवलं, पण हे मला कोणी असं दाखवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अंगणातला कडुनिंब. पानांमधल्या फटी वेड्यावाकड्या, तरी खालचे कवडसे गोल, कारण प्रत्येक कवडसा म्हणजे सूर्याचंच चित्र. मुलांनी पुठ्ठ्याला चौकोनी भोक पाडून मोजलं: कागद सव्वादोन मीटरवर, ठिपका दोन सेंटिमीटरहून जरासा मोठा. म्हणजे अंतराचा साधारण १०८ वा भाग. सूर्य १५ कोटी किलोमीटर लांब, त्याला १०८ ने भागलं की सूर्याचा व्यास निघतो, १४ लाखांच्या आसपास. गुणाकार-भागाकाराला कंटाळणारी माझी नात हे घरी तीनदा करून बसली.

तिसरा दिवस ट्यूबलाइटचा. पेन्सिल ट्यूबला समांतर धरली तर सावली रेखीव, ट्यूबशी काटकोनात धरली तर विरघळते. स्टुडिओत फ्लॅशला छत्री लावायचो ते यासाठीच: उजेडाचा उगम जितका मोठा, तितकी सावलीची कड मऊ.

आता तक्रारी. भिंगांचं कीट वेगळे २५० रुपये घेऊन दिलं. प्लास्टिकची भिंगं पहिल्याच दिवशी चरे पडून बाद. घेऊ नका. आणि शेवटचा दिवस २६ मे, शून्य सावलीचा. दुपारी १२ वाजून १० मिनिटांनी गच्चीवर ठेवलेल्या स्टीलच्या ग्लासाची सावली खरोखर गायब झाली. दिल्लीत हे कधीच दिसायचं नाही, कर्कवृत्ताच्या उत्तरेला सूर्य डोक्यावर येतच नाही. आपल्याकडे तो जुलैच्या मध्यावर पुन्हा येतो, पण तेव्हा ढग. म्हणून मे, हे पटलं. पण तासभर आधीच पोरांना वर चढवायचं काय कारण? मांडव नाही, अकरालाच पाण्याचा कॅन रिकामा, एका पोराची चप्पल खालीच राहिलेली, ते बिचारं एका पायावर नाचत होतं.

सहावी ते आठवीच्या मुलांना पाठवा. टोपी, चप्पल आणि दोन लिटर पाणी घरून द्या. आणि जमलं तर पहिला दिवस तुम्हीही बसा, मागचा बाक रिकामा असतो.