पहिल्याच ड्राफ्टला ‘हो’ म्हणणारा क्लायंट आणि माझे २,७८० डॉलर

कॅनडात एका खोट्या क्लायंटने मला फसवलं, वर्ष झालं या गोष्टीला. इतके दिवस लिहिलं नाही कारण लाज वाटत होती, आईला तर अजून सांगितलेलं नाही. पण गेल्या महिन्यात ओळखीतल्या एका मुलीला अगदी तसाच मेल आला, म्हणून लिहितेय. हसायचं तर हसा.

मी पुण्याची, अभिनव कला महाविद्यालयाची. आठ वर्षं डिझाइन केलंय, पॅकेजिंग, ब्रोशर, लग्नपत्रिका, निवडणुकीचे फ्लेक्ससुद्धा. अप्पा बळवंत चौकातल्या प्रेसवाल्यांशी भांडून भांडून कातडी जाड झालेली. २०२४ मध्ये पीआर (कायम राहायची परवानगी) घेऊन कॅनडात, ओंटारिओतल्या ब्रॅम्प्टनला आलो, बेसमेंटमध्ये राहतो, नवरा रात्रपाळीला. मी वेअरहाऊसमध्ये तासाला १७.२० डॉलरवर खोकी भरत होते आणि घरी येऊन पोर्टफोलिओ पाठवत होते. साठेक ठिकाणी अर्ज केले असतील, उत्तर एकच, ‘कॅनेडियन एक्सपिरियन्स’, म्हणजे इथल्या कामाचा अनुभव, नाही. (आता १ जानेवारी २०२६ पासून ओंटारिओत पंचवीस किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला जाहिरातीत असं मागता येत नाही म्हणे. मला काय उपयोग त्याचा, माझं व्हायचं ते होऊन गेलं.)

तर २०२५ च्या जानेवारीत पोर्टफोलिओ साइटवरून मेल आला. हॅमिल्टनला रिअल इस्टेटचा धंदा सुरू करतोय, लोगो आणि सहा पानी ब्रोशर हवंय, ५,००० कॉप्या छापायच्यात. मला ऐकू कमी येतं, म्हणून फोन नको, मेलवरच बोलू. आता सांगा, बहिऱ्या माणसावर संशय कसा घ्यायचा? मलाच मेलं लाजल्यासारखं झालं. त्याने वर लिहिलं की काम झाल्यावर रेफरन्स लेटर देईन. तिथेच मी विरघळले, पैशापेक्षा त्या लेटरसाठी.

मी १,८५० डॉलर सांगितले, तो लगेच हो म्हणाला. घासाघीस नाही! मी मनाशी म्हटलं, बघा, इथे डिझाइनची किंमत आहे लोकांना.

फुकट सॅम्पल मात्र मी दिलं नाही हं. इथे १९९६ पासून रजिस्टर्ड ग्राफिक डिझायनर्सची आरजीडी नावाची असोसिएशन आहे, ते फुकट नमुने करून देण्याच्या विरोधात आहेत, ते सगळं वाचून मी पक्की तयार होते. म्हणजे मी काही अगदीच बावळट नव्हते. फक्त दार लावलं एका बाजूला आणि चोर आला दुसऱ्या बाजूने.

आता जे आठवलं की अजून जीव जळतो ते. मी लोगोचे तीन पर्याय पाठवले, चाळीस मिनिटांत उत्तर आलं, दुसरा आवडला, पुढे जा. ब्रोशर पाठवलं, छान आहे, पुढे जा. एकही बदल नाही! अहो, आठ वर्षांत मला असा एक क्लायंट भेटला नाही की ज्याने लोगो मोठा करा म्हटलं नाही, लाल जरा उठावदार करा म्हटलं नाही, बायकोला दाखवून सांगतो म्हटलं नाही. फुकटात काम करून घेणारा काकासुद्धा चार बदल सांगतो. आणि इथे १,८५० डॉलर देणारा माणूस काहीच बोलत नाही, आणि मी काय समजले? की मी चांगली डिझायनर आहे!

दुसरं तर त्याहून वाईट. ब्रीफमध्ये साइझ लिहिला होता ए फोर. कॅनडात ए फोर कुणी वापरत नाही, इथे सगळं लेटर साइझ, साडेआठ बाय अकरा इंच. हॅमिल्टनचा माणूस ए फोर लिहीलच का? पण आपण ए फोरमध्येच लहानाचे मोठे झालो ना, ते डोळ्याला खुपलंच नाही. उलट बरं वाटलं की मोजमाप ओळखीचं आहे. इथल्या कुठल्याही पोराने दुसऱ्या मिनिटाला पकडलं असतं.

मग तो म्हणाला, माझा प्रिंटर, म्हणजे छापणारा, वेगळा आहे, तो कार्ड घेत नाही, तुला एकच चेक पाठवतो, तुझे ठेव आणि त्याचे त्याला दे. पुढचं तुम्हाला कळलंच असेल. चेक ४,७८० चा. माझे १,८५०, प्रिंटरचे २,७८० आणि १५० ‘तुझ्या त्रासाबद्दल’. चेकवर नाव अल्बर्टातल्या कुठल्यातरी बांधकाम कंपनीचं. विचारलं तर म्हणे पार्टनरची कंपनी. पटलं मला. कारण मला पटवून घ्यायचं होतं.

सोमवारी, ३ फेब्रुवारीला, ॲपमधून चेक भरला. दुसऱ्या दिवशी शंभर डॉलर मोकळे झाले, बाकीच्यावर होल्ड, म्हणजे बँकेने ते अडवून ठेवले. त्या प्रिंटरचे रोज मेल, मशीन थांबलंय, पेपर आलाय. पण ब्लीड किती, सीएमवायके आहे का, पेपर किती जीएसएमचा, एक प्रश्न नाही त्याचा! आपल्याकडचा प्रेसवाला फाईल उघडायच्या आधी शिव्या घालतो. १० तारखेला होल्ड उठला, पूर्ण रक्कम दिसायला लागली. नवरा म्हणाला, “अगं, पण चेक खरंच क्लिअर झालाय का?” मी खेकसले, “दिसतायत ना पैसे खात्यात, मग?” आणि २,७८० ई-ट्रान्स्फर केले. समोर ऑटोडिपॉझिट होतं, त्यामुळे प्रश्न-पासवर्ड काही नाही, क्षणात गेले. असे गेलेले पैसे पाठवणाऱ्याला रद्द करता येत नाहीत, हे मला नंतर कळलं.

होल्ड उठला म्हणजे चेक वटला असं नाही. बँक तुम्हाला पैसे आधी वापरू देते, एवढंच. हे वाक्य लिहून फ्रिजवर लावा.

१३ तारखेला चेक परत. माझी शिल्लक संपून खातं उणे १,६५७ डॉलर. रिटर्न चेकचे ७ कापले, दुसऱ्या दिवशी गाडीच्या इन्शुरन्सचा हप्ता अडकला त्याचे ४५, आणि त्या लोगोसाठी मी ८९ डॉलरचा फाँट विकत घेतला होता. एकूण २,९२१. नुसते ते २,७८० म्हणजे माझे वेअरहाऊसमधले जवळजवळ १६२ तास, तेही टॅक्स कापायच्या आधीचे.

मग सुरू झाली खरी वरात. बँकेत गेले तर मुलगी गोड हसून म्हणाली, ट्रान्स्फर तुम्हीच ऑथराइज केलीत. मी म्हटलं, रक्कम ‘अव्हेलेबल’ तुम्ही दाखवलीत ना? त्यावर तिने मला एक माहितीपत्रक दिलं. माहितीपत्रक! त्याची कर्निंगही, म्हणजे अक्षरांमधलं अंतरही, धड नव्हती. ज्या बँकेत पैसे गेले त्यांना फोन केला, तुम्ही आमच्या कस्टमर नाही म्हणून ते बोलेचनात. पोलिसांनी सांगितलं ऑनलाइन फॉर्म भरा, अकरा दिवसांनी एकाचा फोन आला, तीन मिनिटं बोलला, त्यातलं एक मिनिट माझ्या आडनावाचं स्पेलिंग. म्हणाला फ्रॉडवाल्या सरकारी खात्याला कळवा. तिथे एक तास चाळीस मिनिटं होल्डवर, मग एक फाईल नंबर आणि सल्ला, की पोलिसांना आणि बँकेला कळवा. म्हणजे गोल फिरून परत तिथेच! भारतात निदान १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन केला तर पुढचं खातं गोठवायचा प्रयत्न तरी करतात. इथे सगळे ‘सॉरी टू हिअर दॅट’ म्हणतात आणि हात झटकतात. माणुसकीने बोलली ती एकटी त्या अल्बर्टाच्या कंपनीतली बाई. म्हणाली, त्यांचे चेक कुणीतरी बनावट छापतंय, फोन करणारी मी चौथी.

घरात आठ दिवस अबोला होता. नवरा काहीच बोलला नाही, ते जास्त लागलं.

जादा रकमेचा चेक आला की तो भरूच नका, फाडूही नका, पुरावा म्हणून ठेवा. दुसऱ्याला द्यायचे पैसे तुमच्या खात्यातून फिरवायला सांगतोय तो क्लायंट नाही. बँक ड्राफ्ट आहे म्हणून भरवसा ठेवू नका, तेही खोटे छापतात. व्हिडिओ कॉलवर या म्हणा, ऐकू येत नसेल तर समोर बसून टाइप कर म्हणा. प्रिंटर तुम्ही निवडा. आणि रेफरन्स लेटरची भूक असेल तर आधी ती मान्य करा, कारण ते लोक नेमकी तीच ओळखतात.

परवा मलाच पुन्हा मेल आला. नाव वेगळं, धंदा केटरिंगचा, ऐकू कमी येतं, ५,००० ब्रोशर, ए फोर. मी तो जसाच्या तसा, जुन्या फाईल नंबरसकट, त्या सरकारी खात्याला पाठवला. दोन मिनिटांत उत्तर आलं, हा मेलबॉक्स वाचला जात नाही, कृपया फोन करा.