स्वराज द्वीपवर राहायचंय? आधी किनारा ठरवा, मग रिसॉर्ट

नागपुरातून मिळणाऱ्या अंदमान पॅकेजांत स्वराज द्वीपच्या, म्हणजे २०१८ पर्यंतच्या हॅवलॉकच्या, वाट्याला बहुतेकदा दोनच रात्री येतात. हॉटेलच्या रकान्यात 'थ्री स्टार बीच रिसॉर्ट' एवढंच लिहिलेलं असतं. ते किती स्टारचं आहे हे नंतर विचारा. आधी विचारा, ते बेटाच्या कोणत्या बाजूला आहे. पैसे वसूल होणार की वाया जाणार, हे त्यावरच ठरतं.

बहुतेक रिसॉर्ट पूर्व बाजूला आहेत, गोविंदनगर (तीन नंबर) आणि विजयनगर (पाच नंबर) या किनाऱ्यांवर. जेट्टी जवळ, बाजार जवळ, जेवायला दहा ठिकाणं, स्कूबावाल्यांची (श्वासाची टाकी लावून पाण्याखाली नेणाऱ्यांची) दुकानंही इथंच. फोटोत निळंशार पाणी दिसतं आणि ते खोटं नसतं, पण ते भरतीचं असतं. ओहोटीला हेच पाणी लांबवर मागं सरतं आणि उघड्या पडतात खडक, मेलेल्या प्रवाळांचे धारदार तुकडे आणि चिखलट वाळू. तेव्हा पोहणं होतच नाही, अनवाणी चाललात तर तळवा कापतो. फुटाळा तलावाचं पाणी सकाळ-संध्याकाळ एकाच जागी पाहणाऱ्या आपल्या माणसाला हे आधी कुणीतरी सांगायला हवं. दिवसात दोन भरत्या, दोन ओहोट्या आणि वेळ रोज पाऊण तासाच्या आसपास पुढं. अमावस्या-पौर्णिमेला पाणी सर्वांत लांब जातं. तारखा पक्क्या करण्याआधी पोर्ट ब्लेअरचं (आताचं श्री विजयपुरम) भरती-ओहोटीचं कोष्टक पाहा. मुंबई-कोकणच्या वेळा तिथं लागू पडत नाहीत.

पश्चिमेचा राधानगर (सात नंबर) किनारा वेगळाच. रुंद, मऊ वाळू, हळूहळू खोल होणारा तळ. ओहोटीतही डुंबता येतं. २०२० मध्ये त्याला ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ-सुरक्षित किनाऱ्याचं, मानांकन मिळालं. लहान मुलं किंवा आजी-आजोबा सोबत असतील तर आमची शिफारस इथलीच. अडचणी दोन: राहायच्या जागा मोजक्या आणि बहुतेक महागड्या, आणि जेट्टी दहा-बारा किलोमीटर लांब. अंधार पडला की आजूबाजूला जंगल. रात्री रिसॉर्टमध्येच जेवायचं, त्यांच्याच भावानं. बजेट बेताचं असेल तर पूर्वेला राहा आणि दुपारी स्कुटीनं राधानगर गाठा. दिवसाचं भाडं साधारण पाचशे ते सातशे, लायसन्स मूळ लागतं.

मात्र निघा तीनलाच. बेट नागपूरच्या बरंच पूर्वेला आणि घड्याळ मात्र तेच, त्यामुळे डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य बुडतो. एप्रिलमध्येही साडेपाचला. दुपारची झोप काढून 'सनसेट पाहू' म्हणणारे परतणाऱ्या गाड्यांचे दिवे पाहतात. उलट सकाळी साडेपाचला पूर्वेचा काळापत्थर किनारा उजळलेला असतो आणि जवळपास रिकामा.

पोहताना झेंडे आणि जीवरक्षक असतील तिथंच उतरा. राधानगरच्या टोकाला नील्स कोव्ह नावाची शांत, हिरवी खाडी आहे. तिथं पाण्यात पाय घालू नका. खाऱ्या पाण्यातली मगर हा इथला खरा धोका आहे. २०१० मध्ये याच भागात एका अमेरिकन पर्यटक महिलेचा मगरीच्या हल्ल्यात जीव गेला होता. पाट्या शोभेसाठी लावलेल्या नाहीत.

एलिफंट बीचला जेट्टीवरून बोटीनं जातात, दुपारनंतर बोटी बंद होतात, म्हणून सकाळची पहिलीच फेरी धरा. तिकिटात धरलेलं स्नॉर्केलिंग (तोंडात नळी धरून, तरंगत पाण्याखालचं पाहणं) जेमतेम दहा-पंधरा मिनिटांचं. जास्त वेळाचा भाव बोटीत बसण्याआधी बोलून घ्या. २०१० साली समुद्र तापल्यानं अंदमानातले बरेच प्रवाळ पांढरे पडून मेले, तेव्हा जाहिरातीतल्या रंगांची अपेक्षा थोडी कमी ठेवा. मासे मात्र भरपूर. स्कूबासाठी दमा, हृदयविकार, कानाचं दुखणं असेल तर फॉर्मवर लपवू नका. पोहता येत नसलं तरी पहिला डाइव्ह करता येतो, सर्दी असताना मात्र नाही: कानातला दाब सुटत नाही आणि पडदा फाटू शकतो.

बुकिंग करताना चारच गोष्टी लेखी मागा: एसी जनरेटरवर चालतो का, 'सी व्ह्यू' म्हणजे खोलीतून की गच्चीवरून, जेट्टीवरून ने-आण फुकट आहे का, आणि वादळामुळे बोट रद्द झाली तर पैशांचं काय. शेवटचं सर्वांत महत्त्वाचं. आधी बोटीचं तिकीट, मग खोली. पोर्ट ब्लेअरहून खासगी बोट दीड-दोन तासांत पोचवते, सरकारी स्वस्त पण हळू, आणि तिच्या जागा पटकन संपतात. बहुतेक खासगी बोटींत काचबंद एसी केबिनमध्येच बसावं लागतं. मळमळणाऱ्यांनी बोट सुटण्याआधी अर्धा तास गोळी घ्यावी आणि मधली सीट मागावी.

हंगामाचं गणित नागपूरकरांना अडचणीचंच आहे. समुद्र शांत जानेवारी ते एप्रिल, शाळेची सुट्टी मेमध्ये, आणि मेच्या उत्तरार्धात तिथं पाऊस हजर. दिवाळीत परतीचा पाऊस आणि बंगालच्या उपसागरातली वादळं. जमलं तर प्रजासत्ताक दिनाला जोडून जा. नाताळात भाव अवाच्या सवा असतात. आणि 'आम्ही पंचेचाळीस डिग्रीवाले' हा तोरा घरी ठेवा. तिथं तिशीतच घाम वाळत नाही, कूलरचा उपयोग शून्य.

जेवण बंगाली वळणाचं, कारण फाळणीनंतर इथं बंगाली निर्वासित कुटुंबं वसवली गेली. मासे ताजे, रस्सा पातळ, मोहरीच्या तेलाचा. सावजीची सवय असेल तर मिळमिळीत वाटेल. सोबत ठेच्याची बाटली असू द्या. शाकाहारी थाळी मिळते, पण भाजीपाला जहाजानं येतो, म्हणून महाग.

पोर्ट ब्लेअरहून नागपूरला थेट विमान नाही. कोलकाता, चेन्नई किंवा हैदराबादमार्गे यावं लागतं. म्हणून शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरमध्येच धरा. समुद्र खवळला आणि बोट सुटली नाही तर पुढचं विमानही जातं. शेवटचा डाइव्ह आणि विमान यांत किमान अठरा तास हवेत. शंख-प्रवाळ बॅगेत भरू नका: विमानतळावरच्या तपासणीत सापडतात, आणि वन्यजीव कायद्याखालचं प्रकरण दंडावरच थांबेल असं नाही.